मशीनवर बसण्याआधीचं शिवणकाम

घरी शिवायला सुरुवात करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा मशीनचा असतो. कोणतं घेऊ, मोटरचं की हाताचं, त्यात किती प्रकारचे टाके हवेत? माझं उत्तर ठरलेलं आहे: सरळ टीप नीट घालणारं जे मशीन हाताशी असेल ते. पिशवी, उशीचा अभ्रा, ॲप्रन, पायजमा हे सगळं सरळ टिपेवर होतं. कपडा अंगावर कसा बसणार, धुतल्यावर पिळवटणार की नाही, शिवण चुणणार की सपाट राहणार, हे मात्र कापड बेतताना आणि इस्त्रीखाली ठरतं. म्हणून इथे मशीन जरा उशिरा येईल.

पहिलं कापड सुती घ्या, मध्यम जाडीचं, साध्या विणीचं. साटीन आणि जॉर्जेट हातातून निसटतात, होजियरी ताणते. त्यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. विणीतच चौकडी असलेलं कापड मिळालं तर फारच छान, कारण धागा कुठे चाललाय ते डोळ्यांना दिसतं. छापलेल्या चौकडीवर मात्र विसंबू नका. छपाई धाग्याला सोडून तिरकी गेलेली असू शकते.

आणलेलं कापड आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कात्री लावा. कपडा पुढे ज्या पाण्यात धुणार त्याच पाण्यात, गरम तर गरम. समजा कापड ५ टक्के आटणारं असेल, तर १ मीटर लांबीचा पायजमा पहिल्याच धुण्यात ५ सेंटीमीटर वर चढतो. अस्तरही धुऊन घ्या. बाहेरचं कापड आटलं आणि अस्तर नाही, किंवा उलट झालं, तर तयार वस्तूला पडलेला झोळ नंतर काढता येत नाही.

आता धाग्याची दिशा. माझ्या लेखी अख्ख्या शिवणकामातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. काठाला समांतर जातो तो उभा धागा, या काठापासून त्या काठापर्यंत जातो तो आडवा धागा, आणि दोन्हींच्या मधली ४५ अंशांची तिरकी दिशा म्हणजे उरेब. उभा धागा सर्वांत कमी ताणला जातो, आडवा थोडा जास्त, आणि उरेबात कापड चांगलंच लांबतं. पायजम्याचा एक पाय उभ्या धाग्यावर आणि दुसरा जरासा तिरका कापला, तर तो दुसरा पाय चालताना वळत वळत पुढे येतो. मग टीप कितीही सरळ असो, उपयोग नाही.

दुकानात कापड कात्रीने कापताना टोक क्वचितच धाग्यावर सरळ येतं. ते सरळ करायची माझी आवडती रीत सांगतो. कापलेल्या टोकापाशी, काठाला लागून कात्रीने १ सेंटीमीटरचा छेद द्या. त्या छेदात सुईच्या टोकाने एक आडवा धागा उचला आणि हलक्या हाताने ओढायला लागा. कापड त्या धाग्यावर चुणत जाईल. चुण्या बोटांनी पुढे पुढे सारायच्या. धागा निघून आला की मागे कापडात एक बारीक विरळ रेघ उरते. तीच कापायची रेघ. धागा मध्येच तुटला तर तिथपर्यंत कापा, आणि तुटल्या जागी त्याचं टोक उचलून पुढे चला. दोन्ही टोकं अशी सरळ केली की काठ जुळवून घडी घाला. घडीत कापड चहूकडे सपाट पडत नसेल तर ते विणीतच कललेलं आहे. दोघांनी समोरासमोरचे तिरके कोपरे धरून ओढायचं, मग वाफेची इस्त्री फिरवायची. बहुतेक वेळा ते वळणावर येतं.

कागदी नमुन्यावर उभ्या धाग्याची एक लांब रेघ आखलेली हवीच. नमुना कापडावर ठेवल्यावर त्या रेघेच्या वरच्या टोकापासून काठापर्यंतचं अंतर टेपने मोजा, मग खालच्या टोकापासूनचं. दोन्ही अंतरं सारखी येईपर्यंत नमुना सरकवत राहा. नजरेने सरळ दिसला म्हणून सोडू नका.

सामान थोडंच लागतं. कापडाची कात्री आणि कागदाची कात्री वेगळी ठेवा, टेप, खडू, टाचण्या, टाके उसवायला सीम रिपर, आणि इस्त्री. कापताना कात्रीची खालची पात टेबलावरून उचलू नका, नाहीतर वरची घडी आणि खालची घडी वेगळ्या मापाची होते.

मशीनवर बसलात की आधी सुई बघा. सुईच्या पाकिटावर ८०/१२, ९०/१४ असे आकडे असतात. पहिला आकडा सुईच्या दांड्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो, म्हणजे ९० नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाड. मलमलीला ७०/१०, साध्या सुती कापडाला ८०/१२, जाडसर कापडाला ९०/१४, डेनिमला १००/१६. होजियरीला गोल टोकाची, बॉलपॉइंट सुई लागते. ती धागा न तोडता दोन धाग्यांमधून वाट काढते. सुई बोथट झाली की कापडातून जाताना टक टक आवाज करायला लागते. तो आवाज आला की बदला, मोडायची वाट बघू नका. आणि दोरा नेहमी सुईच्या लांब खाचेच्या बाजूने नेढ्यात ओवायचा. मशीन कुठलंही असो, खाच बघितली की चूक होत नाही.

आता टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण. इथेच नवशिके सर्वांत जास्त वैतागतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, तिथे त्याचा फास होतो आणि शटल, म्हणजे खालचा फिरता भाग, त्या फासात बॉबिनचा (खालच्या छोट्या रिळाचा) दोरा अडकवतं. इलियास हाउ यांनी १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या मशीनचं तत्त्व हेच होतं आणि आपल्या घरच्या मशीनचंही हेच आहे. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या दोन थरांच्या मधोमध पडली की टीप वरून आणि खालून सारखी दिसते.

ती पडते की नाही ते पाहायला वर लाल दोरा लावा, बॉबिनमध्ये निळा. जे कापड शिवायचं आहे त्याचाच तुकडा दुहेरी घ्या, टाका २.५ मिलिमीटरचा ठेवा आणि एक टीप मारा. वरून निळे ठिपके दिसले तर वरचा दोरा फार ताणलेला आहे. वरचं टेन्शन कमी करा. खालून लाल दिसला तर वाढवा. खाली दोऱ्याचं जाळंच झालं असेल तर बॉबिन उघडून झगडत बसू नका. जाळं खाली दिसतं, पण कारण बहुतेक वेळा वर असतं: दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा वरूनच घसरून जातो. म्हणून दोरा ओवताना फूट उचललेला हवा. पुन्हा पहिल्यापासून ओवा, बहुतेक गुंते तिथेच सुटतात.

हे टिपेचे तुकडे मी टाकून देत नाही. एका वहीत टाचून ठेवतो आणि शेजारी लिहितो: कापड कुठलं, सुई किती नंबरची, टाका केवढा, टेन्शन किती. तसलंच कापड पुन्हा हातात आलं की वही उघडायची आणि कामाला लागायचं.

इस्त्री माझ्या डाव्या हाताला, मशीनच्या अगदी लगत असते. प्रत्येक टीप झाली की आधी ती मिटलेलीच दाबायची, म्हणजे टाके कापडात बसतात. मग शिवण उघडून उलट बाजूने दाबायची. इस्त्री सरकवू नका. ठेवा, दाबा, उचला, पुढे ठेवा. सरकवली की तिरका कापलेला भाग ओढला जातो. एक शिवण दुसरीला ओलांडणार असेल तर पहिलीवर इस्त्री झाल्याशिवाय दुसरी घालायचीच नाही.

पहिली वस्तू: अस्तराची पिशवी

बाहेरच्या कापडाचे ४० सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर उंच असे दोन तुकडे, अस्तराचे तेवढेच दोन. बंदांसाठी ६० बाय १० सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या, लांबी उभ्या धाग्यावर, कारण वजन तिथेच पडणार.

बंद आधी करा. पट्टी लांबीत दुमडून मधोमध घडी दाबा, उघडा, दोन्ही कडा त्या घडीपर्यंत आणून दाबा, मग पुन्हा मिटवा. २.५ सेंटीमीटरचा चार थरांचा बंद होतो. दोन्ही लांब कडांपासून ३ मिलिमीटरवर टीप मारा.

बाहेरचे दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन तीन बाजूंनी १ सेंटीमीटरवर शिवा. अस्तरही तसंच, फक्त दोन गोष्टी वेगळ्या: बुडाला मधोमध १२ सेंटीमीटर जागा न शिवता ठेवा, आणि बाजूच्या टिपा वर १ सेंटीमीटरवर सुरू करून खाली येईपर्यंत १.३ सेंटीमीटरवर आणा. अस्तर जरासं निमुळतं झालं की पिशवीत गोळा होत नाही.

बुडाचा कोपरा पुष्कळ जणांना कोड्यात टाकतो. उलट बाजू बाहेर असताना कोपऱ्यात हात घाला आणि बाजूची शिवण बुडाच्या शिवणीवर नेमकी आणून ठेवा. बोटांना दोन्ही शिवणी एकावर एक लागल्या पाहिजेत. तिथून एक टाचणी आरपार घाला. आता कोपऱ्याचा त्रिकोण झाला. शिवणीच्या टोकापासून ५ सेंटीमीटर आत मोजा आणि शिवणीला काटकोनात रेघ आखा. ती रेघ बरोबर १० सेंटीमीटर भरायला हवी. कमीजास्त भरली तर शिवणी जुळलेल्या नाहीत, पुन्हा लावा. रेघेवर दोनदा टीप मारा, पलीकडे १ सेंटीमीटर ठेवून त्रिकोण कापून टाका. असे चारही कोपरे केले की १० सेंटीमीटर रुंद बूड तयार.

बाहेरची पिशवी सुलट करा. बंदांची टोकं तोंडाच्या कडेशी, मध्यापासून दोन्हीकडे ८ सेंटीमीटरवर, बंद खाली लोंबते ठेवून कच्च्या टाक्याने पक्की करा. ही पिशवी उलट्या अस्तरात घाला, म्हणजे सुलट बाजू समोरासमोर येतील आणि बंद दोन थरांत दडतील. तोंडाभोवती १ सेंटीमीटरवर टीप मारा, बुडाच्या मोकळ्या जागेतून सगळं बाहेर ओढा, ती जागा शिवून टाका. तोंड इस्त्रीने दाबून कडेपासून ५ मिलिमीटरवर वरून टीप फिरवा.

पुढची पायरी: पायजमा

अंगावर नीट बसणारा एक पायजमा घ्या, एक पाय दुसऱ्यात घालून कागदावर पसरा आणि पुढचा व मागचा भाग वेगवेगळे आखा. मागचा भाग कमरेला उंच असतो आणि त्याची बैठकीची, म्हणजे दोन पाय जिथे जोडले जातात तिथली, गोलाई जास्त खोल असते. दोन्ही सारखे कापले तर बसताना मागून पायजमा खाली ओढला जातो. आखलेल्या रेघेबाहेर १.५ सेंटीमीटर शिलाईसाठी, कमरेला नेफ्यासाठी ४ आणि तळाला ३ सेंटीमीटर सोडा.

दोन्ही पायांच्या बाजूच्या आणि आतल्या शिवणी आधी पूर्ण करा. धागे सुटू नयेत म्हणून मी लांब शिवणींना फ्रेंच सीम घालतो: उलट बाजू आत ठेवून ०.६ सेंटीमीटरवर टीप, कडा ३ मिलिमीटरपर्यंत छाटायच्या, मग उलटवून सुलट बाजू आत घेऊन ०.९ सेंटीमीटरवर दुसरी टीप. नंतर सुलट केलेला एक पाय उलट्या पायात घाला आणि पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत बैठक एका दमात शिवा. इथे टाचण्यांपेक्षा मला धावदोरा बरा वाटतो, गोलाई हलत नाही. खालच्या गोलाईवर कडेच्या बाजूला ३ मिलिमीटर सोडून दुसरी टीप मारा. सगळा ताण तिथे येतो.

नेफ्यासाठी १ सेंटीमीटर दुमडून दाबा, पुन्हा ३ सेंटीमीटर दुमडा, खालच्या कडेने टीप मारा आणि ५ सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा. २.५ सेंटीमीटर रुंद इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा ५ सेंटीमीटर कमी घ्या. सेफ्टी पिनने ओवा, पिळ पडला नाही ना ते पूर्ण फेरी चाचपून बघा, टोकं २ सेंटीमीटर एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा. तळाची पट्टी अंगावर घालून लांबी बघितल्यावरच दुमडा.

गळा असलेला कपडा घ्यायचा तो यानंतर. गोल गळ्याची कड कुठेतरी उरेबात येतेच आणि नुसत्या हाताळण्यानेही ताणते, म्हणून कापल्याबरोबर कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर एकेरी थरातच टीप मारून ठेवा. ३.५ सेंटीमीटर रुंदीची उरेब पट्टी सुलट बाजूला लावा, लावताना कापड ढिलं सोडा आणि पट्टी किंचित ओढून धरा. टिपेपर्यंत, पण टीप न कापता, दर दोन सेंटीमीटरला बारीक छेद द्या, पट्टी आत वळवा, दाबा, मग शिवा. पट्टी न ओढता लावली तर गळा अंगापासून सुटून उभा राहतो.