लाखेची जुनी तबकडी संगणकात उतरवताना वेग कसा ठरवावा

जुन्या बाजारातून आणलेली तबकडी पाण्यात थेंबभर सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवा, लेबल कोरडं ठेवून. स्पिरिट अजिबात नको, त्यात लाख विरघळते. सुई ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची), म्हणजे तीन मिलची, इंचाच्या तीन सहस्रांशाची. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर पकडते. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये उतरवा.

खरं काम वेगाचं. ‘७८ची रेकॉर्ड ७८वरच लावा’ हा सल्ला मनातून काढून टाका. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झालं आणि पुढची वीसेक वर्षं वेग काही एकसारखा नव्हता. ७४वर घेतलेलं गाणं ७८वर लावलं, की पांढरी पाचची जवळजवळ काळी चार होते, तानाही तेवढ्याच पळतात. त्यावरून गायकाच्या पट्टीबद्दल किंवा लयीबद्दल काही लिहाल, तर ते चुकणारच.

आधी फिरकीचा, म्हणजे टर्नटेबलचा, वेग पक्का करा; गाण्याचा खरा वेग नंतर संगणकात लावायचा. ७७ रेघांची स्ट्रोब चकती तबकडीवर ठेवा आणि विजेवरच्या निऑन दिव्याच्या उजेडात पाहा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे रेघा थांबल्यासारख्या दिसल्या की वेग ७७.९२. एलईडीखाली बहुधा काही कळत नाही. हा आकडा तिथल्या तिथे लिहून ठेवा. मी सुरुवातीला वेगाचा खटका कानाने फिरवत गेलो, नोंद केली नाही, आणि पन्नासेक तबकड्या पुन्हा लावाव्या लागल्या.

मग त्याच गायकाच्या, शेजारच्या मॅट्रिक्स क्रमांकांच्या (मुद्रणाच्या वेळी दिलेल्या, तबकडीवर कोरलेल्या क्रमांकांच्या) तबकड्या काढून सगळ्यांचा सा मोजा आणि तो जुळतो का पाहा. सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही. काहींत मुद्रणातच वेग सरकलेला असतो. नुसत्या पेटीवर विसंबू नका, तेव्हाच्या पेट्या आजच्या सुरात असतीलच असं नाही. शेवटी जाणत्याला ऐकवा. गायक भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली गायन समाज ही संगीतसंस्था काढली त्या पुण्यात घराण्याची तालीम घेतलेले कान अजून आहेत. माझी एक फाइल ऐकून एक वयस्क शिष्या म्हणाल्या, “खर्ज कुठे गेला? हा गळा इतका पातळ नाही.” वेग चार फेऱ्यांनी उतरवला आणि खर्ज परत आला.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘चेंज स्पीड अँड पिच’ (जुन्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड’) घ्या, नुसतं ‘चेंज पिच’ नव्हे. ‘चेंज पिच’ने लय तशीच राहते. ७८चे ७४ करायला उणे ५.१ टक्के. खरखर मूळ फाइलमधून काढू नका, तिच्याबरोबर तंबोराही जातो.

फाइलसोबत मॅट्रिक्स क्रमांक, लावलेला वेग, ठरवलेला वेग आणि तो कशावरून ठरवला हे लिहा. न बदललेली प्रत वेगळी ठेवा.