प्रोलॅक्टिनची टेस्ट: लॅबमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

हार्मोन सेक्शनला नवीन लागला असाल तर प्रोलॅक्टिन (आईला दूध यायला लावणारं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतलं हार्मोन) आधी नीट समजून घ्या, कारण मशीनने दिलेला आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकू शकतो. या हार्मोनला मेंदूतून येणारं डोपामीन सतत दाबून ठेवतं, म्हणून डोपामीन अडवणारी औषधं म्हणजे डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, रिस्पेरिडोन वगैरे चालू असली की पिट्युटरीत गाठबिठ काही नसताना पण लेव्हल चढते. त्यामुळे कुठल्या गोळ्या चालू आहेत हे सॅम्पल घेतानाच विचारून फॉर्मवर लिहायचं, मला तरी हे कंट्रोल (आधीच आकडा माहीत असलेलं सॅम्पल) लावण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. केसांसाठी बायोटिन घेताय का तेही विचारा, काही किटमध्ये त्याने आकडा खोटा कमी येतो.

झोपेत लेव्हल वर असते, म्हणून उठून दोनतीन तास झाल्यावरच रक्त घ्या आणि पेशंटला आधी थोडं शांत बसू द्या, सुईच्या टेन्शनने पण वाढते.

रेंज साधारण बायकांत 25 आणि पुरुषांत 20 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत धरतात, पण रिपोर्टवर आपल्या किटचीच रेंज टाकायची.

आता आकडा वाढलाय पण पाळी नियमित, त्रास काहीच नाही, अशा वेळी मॅक्रोप्रोलॅक्टिन आठवा. यात प्रोलॅक्टिन अँटिबॉडीला चिकटून रक्तात फिरत राहतं, शरीरात फारसं काम करत नाही पण मशीन त्याला मोजतं. सीरममध्ये तेवढंच 25 टक्क्यांचं पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, हे अँटिबॉडीला चिकटलेलं प्रोलॅक्टिन खाली बसवतं) मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं पाणी परत लावून उत्तर दुप्पट करायचं, मूळच्या 40 टक्क्यांपेक्षा कमी उरलं तर बहुतेक मॅक्रोच.

आणि सगळ्यात जपायचं ते हुक इफेक्टला. एमआरआयमध्ये पिट्युटरीची भलीमोठी गाठ आणि प्रोलॅक्टिन मात्र जरासंच वाढलेलं, असं दिसलं की थांबा. हार्मोन प्रचंड असला की किटमधल्या दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, एकाच रेणूला दोन्ही बाजूंनी धरणारं सँडविच बनतच नाही आणि आकडा खोटा कमी येतो. सॅम्पल 1:100 डायल्यूट करून लावलं की खरी लेव्हल हजारोंमध्ये निघू शकते. प्रोलॅक्टिनची गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते, म्हणजे आपण डायल्यूट केलं नाही तर गाठ दुसऱ्याच प्रकारची समजून माणूस विनाकारण ऑपरेशन टेबलावर जाऊ शकतो! फॉर्मवर एमआरआयचं काही लिहिलं नसेल तर डॉक्टरांना सरळ फोन लावून विचारा, त्यात संकोच करू नका, आणि डायल्यूट करून लावलंय हे रिपोर्टवर लिहा.