वासराचा पहिला चीक: जार पडायची वाट पाहू नका

जार (व्याल्यानंतर बाहेर पडणारी वार) पडेपर्यंत चीक, म्हणजे व्यालेल्या गाईचं पहिलं घट्ट दूध, काढायचा नाही, असं अजूनही अनेक गोठ्यांत चालतं. नुकसान होतं ते इथेच. चिकातली रोगप्रतिकारक प्रथिनं आतड्यातून थेट रक्तात शोषण्याची वासराची क्षमता दर तासाला घटते आणि साधारण 24 तासांत संपते. उलट वासरू आचळाला लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं, जार सुटायलाही मदतच होते.

पहिल्या दिवसाचा चीक वजनाच्या निदान 10 टक्के हवा. 30 किलोच्या वासराला 3 लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला 12 तासांच्या आत. त्याआधी आचळं धुऊन पुसा आणि पहिल्या चारदोन धारा टाकून द्या. चीक रक्ताळलेला किंवा पाण्यासारखा पातळ असेल तर दुसऱ्या निरोगी गाईचा पाजा.

वासरू उठत नसेल तर निपलची बाटली वापरा. तोंड उघडून ओतू नका, चीक श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. गार झालेला चीक आचेवर ठेवला की थिजतो आणि त्यातली प्रथिनं वाया जातात. बाटली कोमट पाण्यात धरून 38-39 अंशांवर आणा.

आणि हो, नाळ 7 टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची, नुसती पुसायची नाही.