आनुवंशिक यकृतविकार असलेल्या मुलाच्या यकृतातील गाठींची तपासणी कशी करून घ्यावी

टायरोसिनेमिया (टायरोसिन या अमिनो आम्लाचे विघटन नीट न होण्याचा विकार), ग्लायकोजेन साठवणुकीचा विकार किंवा पीएफआयसी (यकृतात पित्त अडकून राहण्याचा, वाढत जाणारा विकार) असलेल्या मुलाच्या यकृतात पुढे गाठी दिसू शकतात. त्यांतील अनेक निरुपद्रवी असतात. परंतु टायरोसिनेमियाच्या पहिल्या आणि पीएफआयसीच्या दुसऱ्या प्रकारात यकृताचा कर्करोग अगदी लहान वयातही होऊ शकतो, म्हणून मूल हसतेखेळते आहे या समाधानात ठरलेली सोनोग्राफी पुढे ढकलू नये.

तारीख घेतानाच आजाराचे पूर्ण नाव सांगावे. ‘उपाशीपोटी या’ ही सूचना सर्वांना सरसकट दिली जाते, पण ग्लायकोजेन विकाराच्या पहिल्या प्रकारात काही तासांच्या उपासानेही रक्तातील साखर झपाट्याने उतरते आणि मुलाला झटके येऊ शकतात. धडगाव-अक्कलकुव्याकडून धुळ्याला येणाऱ्यांचा बराच वेळ वाटेतच जातो. त्यांनी शक्यतो आदल्या रात्री मुक्कामाला यावे, सकाळची पहिली वेळ मागावी आणि रक्ताला हळूहळू साखर पुरवणाऱ्या कच्च्या कॉर्नफ्लोअरची मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवू नये. भूक लागली म्हणून वाटेत केळे देणे आपल्या जळगावकडे अगदी स्वाभाविक आहे, मात्र या मुलांच्या यकृताला फळातील फ्रुक्टोजपासून रक्तात सोडण्याजोगे ग्लुकोज बनवता येत नाही, त्यामुळे केळ्यावर विसंबू नये.

एका तपासणीपेक्षा मागील तपासणीशी केलेली तुलना अधिक सांगते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून जुने अहवाल, फिल्म आणि सीडी सोबत न्यावी, आणि प्रत्येक गाठ यकृताच्या कोणत्या भागात आहे, तिची तिन्ही मापे किती आहेत, प्लीहा वाढली आहे का, पोर्टल शिरेतील (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील) रक्तप्रवाह कसा आहे, हे अहवालात लिहून देण्याची विनंती करावी.

गाठ नवी असेल किंवा वाढली असेल, तर बहुधा कॉन्ट्रास्ट (चित्रात गाठ ठळक दिसावी म्हणून शिरेतून द्यायचे औषध) देऊन एमआरआय करतात. त्यात किरणोत्सर्ग नसतो, पण लहान मुलाला स्तब्ध ठेवण्यासाठी गुंगी द्यावी लागते. त्यासाठी उपाशी ठेवावे लागल्यास ग्लुकोजचे सलाइन आधीच सुरू करण्याविषयी भूलतज्ज्ञांशी बोलून घ्यावे. यकृतपेशी शोषून घेतात असा कॉन्ट्रास्ट वापरल्यास सुमारे 20 मिनिटांनंतरची चित्रेही महत्त्वाची असतात.

रक्तातील एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन) तान्ह्या बाळात मुळातच जास्त असते, तर ग्लायकोजेन विकारातील अॅडिनोमात (यकृतपेशींच्या, बहुधा कर्करोग नसलेल्या गाठीत) ते बहुतेकदा सामान्य राहते. लाय-रॅड्स ही गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता दर्शवणारी श्रेणी 18 वर्षांखालील मुलांना लागू नाही. अहवालात ती दिसल्यास, गाठीचा तुकडा तपासण्याची गरज आहे का, हे बालयकृततज्ज्ञांना विचारावे.