प्रोस्टेट दाखवायला मिरजेला निघताय? या चुका टाळा

जत-आटपाडीकडची म्हातारी माणसं प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी, तपासायला मिरजेला निघाली की सकाळपासून पाण्याला शिवत नाहीत. वाटेत लघवी लागली तर एसटी कोण थांबवणार? भीती रास्त आहे, पण पिशवी रिकामी असली तर तपासणीच होत नाही. सोनोग्राफी आधी भरल्या पिशवीवर होते, मग लघवी करून आल्यावर आत किती उरली ते बघतात. धार मोजायच्या मशीनवर तर निदान १५० मिली लघवी व्हावी लागते. त्याहून कमी झाली तर त्या आलेखावर भरवसा ठेवता येत नाही.

काहीजण उलटं करतात. घरून तांब्याभर पाणी पिऊन निघतात आणि कळ निघेपर्यंत थोपवून धरतात. पिशवी फार ताणली की धार आहे त्याहून बारीक येते, मागे लघवीही जास्त उरते. त्यापेक्षा प्रवासात घोट-घोट प्या आणि दवाखान्यात नाव नोंदवताना विचारा, ‘आज सोनोग्राफी होणार का?’ होणार असेल तर तिथंच दोन-तीन ग्लास पाणी प्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळं पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर हे आधी डॉक्टरांना विचारूनच करा. आणि पोचल्या पोचल्या मुतारी गाठू नका. अगदीच राहवेना तर आधी नर्सला सांगा.

‘रात्री सारखं उठावं लागतं’ एवढ्यानं डॉक्टरांना फारसं कळत नाही. जायच्या आधी तीन दिवस दर लघवीची वेळ आणि माप लिहा. खुणा असलेला एखादा जुना प्लास्टिकचा मग पुरे. रात्री दर खेपेला भरपूर लघवी होत असेल तर शुगर, पायावरची सूज, संध्याकाळचे चहा यांच्याकडं बघावं लागतं. सगळा दोष प्रोस्टेटचा नसतो. थोडी-थोडीच होत असेल तर मात्र प्रोस्टेट आणि लघवीच्या पिशवीकडं बघावं लागतं.

गोळ्यांची नावं तोंडपाठ सांगायच्या भानगडीत पडू नका, पाकिटंच पिशवीत घाला. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, बीपीच्या काहींनी वाढते. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही प्रोस्टेटची गोळी सहा महिने चालू असेल तर पीएसएचा (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा) आकडा साधारण निम्मा दिसतो, आणि ते न सांगितल्यास ‘नॉर्मल’ रिपोर्ट फसवा ठरू शकतो. पीएसएच्या आधी दोन दिवस संबंध आणि सायकल टाळा. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर ही तपासणी पुढं ढकलतात.

सोबत सूनबाई असल्या की अर्धी तक्रार पोटातच राहते. पायजमा ओला होतो, संबंधात अडचण येते, हे कोण बोलणार! चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर तेवढा वेळ त्यांना बाहेर बसायला सांगा. यात कुणाचा अपमान नाही.

रिपोर्टात प्रोस्टेटचं वजन किती ग्रॅम ते वाचून घाबरायचंही कारण नाही. मोठी ग्रंथी असून मजेत असणारे आहेत, लहान असून हैराण झालेलेही.

मात्र लघवी पूर्ण तुंबली, पोट दुखायला लागलं, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा थंडी वाजून ताप आला, तर सोमवारची अपॉइंटमेंट आहे म्हणून थांबू नका. लघवी तुंबली असताना ‘सुटेल’ म्हणून आणखी पाणीही पाजू नका. त्याच रात्री जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. तिथं नळी घालून पिशवी मोकळी करता येते. मिरजेला नंतर जाता येईल.