मोसम संपला, आता वही उघडा

आमच्या जिमखान्यात दर फेब्रुवारीत एक कागद भरून द्यावा लागतो. खेळाचं नाव, स्पर्धा किती, आणि पुढे तीन शब्द: विजेते, उपविजेते, सहभाग. त्यातल्या एकावर खूण करायची. फुटबॉलसमोर बहुतेक वर्षी 'सहभाग'वर खूण होते आणि वर्षभराचा हिशोब तिथेच मिटतो. मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट. तरुणपणी राइट बॅक खेळायचो. गेली अकरा वर्षं टीमबरोबर टचलाइनला बसून वही लिहितोय, त्यामुळे मुलं मला 'वहीवाले काका' म्हणतात. तुमच्याही कॉलेजची टीम असेल आणि ती यंदा खरंच कशी खेळली हे बघायचं असेल, तर मी काय करतो ते सांगतो.

पहिलं काम मोसमाआधीचं, आणि नेमकं तेच राहून जातं. जुलैत ट्रायल्स झाल्या की प्रत्येकाकडून चिठ्ठी लिहून घ्या: किती मॅच जिंकू, किती गोल खाऊ, कोणाला आपण हरवू शकत नाही. सगळ्या चिठ्ठ्या पाकिटात घाला, चिकटवा, वर तारीख टाका. आमचं पाकीट सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीमागे असतं. त्या बाटलीचे डाग लवकर जात नाहीत, म्हणून तिथे कोणी हात घालत नाही. पाकीट नसेल तर फेब्रुवारीत टीममधला प्रत्येक जण 'मी तेव्हाच म्हणालो होतो' म्हणतो, आणि कोणालाच खोटं पाडता येत नाही.

वही दोनशे पानी घ्या आणि पेन्सिलनेच लिहा. ऑगस्टच्या पावसात शाईची काय अवस्था होते हे मी पहिल्याच वर्षी बघितलं. मॅचला एक पान. वरच्या ओळीत मैदान, पाऊस होता का, आणि मॅच किती मिनिटांची. मिनिटं विसरू नका. कॉलेजच्या स्पर्धांत कुठे पूर्ण नव्वद मिनिटं असतात, कुठे पस्तीस-पस्तीस, आणि एका दिवसात चार मॅच उरकायच्या असल्या तर पंचवीस-पंचवीससुद्धा. पन्नास मिनिटांत खाल्लेला गोल आणि नव्वद मिनिटांत खाल्लेला गोल एका तराजूत घालता येत नाही. वर्षाची सगळी मिनिटं मिळवून 'नव्वद मिनिटांमागे किती' असं काढा. मैदानाचंही तसंच. मुरमाच्या मैदानावर पास मोजण्यात अर्थ नाही, चेंडू कुठे उडेल हे मुरूम ठरवतो.

आता निकालांकडे. आमच्या एका मोसमाचा हिशोब अजून माझ्या डोक्यात बसलाय. 14 मॅच, 7 जिंकल्या, 3 ड्रॉ, 4 हरल्या. 22 गोल केले, 17 खाल्ले. स्पोर्ट्सचे सर खूश, पेढे आले. मी त्यातली एकच मॅच बाजूला काढली. समोरच्यांचे आठच खेळाडू आले होते, ती आम्ही 8-0 जिंकलो होतो. उरल्या 13 मॅच: केलेले गोल 14, खाल्लेले 17. म्हणजे सहा मॅच जिंकूनही गोलफरक उणे तीन! पानं चाळली तर सहाच्या सहा विजय एकेका गोलाचे, आणि चारही पराभव दोन-तीन गोलांचे. ही टीम काठावर जिंकत होती आणि हरताना सपाटून हरत होती. पेढे मीही खाल्ले, पण पुढच्या वर्षी काय होणार याची धाकधूक तेव्हाच लागली.

असं चाळायचं तर आधी समोरच्या टीमची प्रतवारी लावा: भारी, बरोबरीची, हलकी. ती मोसम संपल्यावरच लावा. मॅचनंतर लगेच लावली की ज्यांनी आपल्याला हरवलं ते सगळेच 'भारी' होऊन बसतात. मग 'बरोबरीची'च्या रकान्यातल्या मॅच वेगळ्या काढून वाचा. टीमचा खरा चेहरा तिथेच दिसतो.

वहीत सगळ्यात जास्त जागा मी शॉट्सना देतो, कारण गोल ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्येही साधारण दहा शॉट्समागे एक गोल होतो. म्हणून नुसते शॉट मोजू नका, कुठून मारला तेही टिपा. पानावर पेनल्टी एरियाचा चौकोन काढा. गोलपोस्टच्या समोरचा, पेनल्टी स्पॉटपर्यंतचा पट्टा म्हणजे देवघर. चौकोनातली बाकीची जागा माजघर. चौकोनाबाहेर सगळं अंगण. (ही नावं माझीच, पण मुलांच्या तोंडी बसलीत.) पेनल्टी चारपैकी तीन वेळा आत जाते. अंगणातून मोठमोठ्या लीगमध्येही शंभरात तीन-चारच जातात. आमचा एक विंगर अंगणातून मारण्यात इतका रमायचा की प्रेक्षक टाळ्या वाजवायचे आणि मी वहीत टिंबं वाढवत बसायचो. वर्षाच्या शेवटी त्याला पान दाखवलं: अंगणात एकोणीस टिंबं, गोल शून्य. काही बोलला नाही, पण पुढच्या मोसमात पास द्यायला लागला.

वर्षअखेरीला दोन आकडे समोरासमोर ठेवा: आपले देवघरातले शॉट आणि समोरच्यांचे देवघरातले शॉट. त्या मोसमात आमच्यापेक्षा समोरच्यांनी कितीतरी जास्त मारले होते. सतरावरच निभावलं ते गोलीमुळे. जिमखान्याच्या कागदात गोलीसाठी रकानाच नाही.

मोजणाऱ्याने जपूनही राहायला हवं. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाचा, हवाई दलात हिशोब बघणारा माणूस होता. 1950 च्या मार्चमध्ये स्विंडन टाउनची मॅच बघताना त्याने खिशातून वही काढली आणि पुढे अनेक दशकं मॅच टिपत राहिला. माझा गुरूच म्हणा. त्याच्या आकड्यांत दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. त्याने निष्कर्ष काढला, चेंडू लांब मारा. पण फुटबॉलमध्ये चेंडू मुळात तीन-चार पासांतच हातचा जातो, मग गोलही त्यातूनच जास्त दिसणार ना! तेव्हा 'किती झाले' लिहिताना 'कितींपैकी' हेही शेजारी लिहा.

खाल्लेल्या गोलांपुढे ते कसे आले तेवढं लिहा: कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी, की चालू खेळातून. आमच्या सतरापैकी नऊ कॉर्नर आणि फ्री किकवरचे निघाले. वर्षभर आम्ही स्टॉपरला, म्हणजे बचावातल्या मधल्या खेळाडूला, शिव्या घातल्या, आणि खरा घोटाळा हा होता की कॉर्नरला दुसऱ्या पोस्टवर कोणी उभंच राहत नव्हतं. प्रॅक्टिसला रोज पंधरा मिनिटं दिली तर हे सुधारतं.

आता पुण्याचा रकाना. हा दुसऱ्या गावात लागणार नाही, इथे लागतोच. हजेरीच्या पानावर माझ्याकडे एक खूण आहे, 'ढो'. ढोल-ताशा पथक. जुलैपासून नदीपात्रात संध्याकाळी सराव सुरू होतो आणि आमचे दोन हाफ, एक फॉरवर्ड तिकडे गायब. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मॅच पडली तर अर्धी टीम मैदानावर नुसती उभी असते. तसंच 'ज' म्हणजे जर्नल सबमिशन, 'के' म्हणजे केटी, राहिलेल्या विषयाची परीक्षा. मॅचच्या पानावर 'कोण नव्हतं' लिहिलं नाही तर फेब्रुवारीत सप्टेंबरचे पराभव मैदानात नसलेल्यांच्याही नावावर जातात. मात्र कॅप्टन नसताना तीन मॅच हरलो म्हणून तोच टीमचा कणा, असं लगेच ठरवू नका. त्या तीनपैकी दोन 'भारी' टीम असतील तर कॅप्टन असूनही हरलोच असतो.

नॉकआउट आणि लीग वेगवेगळ्या पानांवर ठेवा. विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची असली की एक वाईट दुपार आणि वर्ष संपलं. एफसी पुणे सिटी ही टीम 2017-18 च्या इंडियन सुपर लीगमध्ये अठरा मॅच खेळून चौथी आली होती. तेव्हा त्यांच्या मॅचला बालेवाडीला जाणाऱ्यांना आज काय आठवतं? सेमीफायनलला बंगळुरूत समोरच्या टीमच्या सुनील छेत्रीने केलेली हॅटट्रिक. आणखी एक ओळ लिहून ठेवा: विद्यापीठाच्या निवडचाचणीला आपले किती गेले आणि किती टिकले. आंतरविभागीय स्पर्धेतून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोचलेलं एखादं पोरगं असेल, तर 'सहभाग'वर खूण करताना हात जरा अडखळायला हवा.

मग एका शनिवारी सगळ्यांना अमृततुल्यला बोलवा आणि पाकीट फोडा. त्या वर्षी आमच्या गोलीच्या चिठ्ठीवर 'पंधराच्या आत' असं होतं. सतरापैकी दोन आपल्याच स्टॉपरच्या पायाला लागून गेलेत, ते माझ्या नावावर धरू नका, असं तो म्हणाला. तरी पंधरा होतात, 'आत' कुठे, असं स्टॉपर म्हणाला. चहाचे दोन राउंड याच भांडणात गेले. वहीत सतराच आहेत, पण दोनसमोर मी पेन्सिलने चांदणी काढून ठेवली आहे.