उड्डाणात उपकरण दगा देते तेव्हा

हवेत असताना एखादे उपकरण बिघडले, तर वैमानिकाने आधी विमान सांभाळावे, मग दिशा धरावी आणि त्यानंतर टॉवरशी, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाशी, बोलावे. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर शिकणाऱ्या प्रत्येकाला हा क्रम पाठ असतो. तरीही काटा विचित्र हलला की हात आधी स्विचकडे धावतो. अशा वेळी इंजिनाची शक्ती आणि नाकाचा कोन नेहमीच्या उड्डाणाइतके ठेवावेत, कारण या दोन्ही गोष्टी ठाऊक असतील तर वेगाचा काटा नसतानाही विमान सुरक्षित वेगाने उडत राहते.

पुढचा प्रश्न असा की बिघडलेले उपकरण कशावर चालते. सेसना 172 सारख्या जुन्या धाटणीच्या लहान विमानात वेगदर्शक, अल्टिमीटर (उंची दाखवणारा) आणि चढउतार दाखवणारे उपकरण हवेच्या दाबावर, कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारे) आणि दिशादर्शक हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपावर, तर टर्न कोऑर्डिनेटर (वळण्याचा वेग दाखवणारा) विजेवर चालतो. एकाच गटातली दोन उपकरणे एकदम बिघडली, तर दोष त्यांच्या सामाईक स्रोतात शोधावा.

समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणाऱ्या पिटो नळीचे तोंड आणि तिचे पाणी निघण्याचे छिद्र दोन्ही बुजले, तर वेगदर्शक अल्टिमीटरसारखा वागू लागतो: विमान चढले की काटा वर जातो. वेग वाढला असे समजून नाक आणखी वर उचलणारा वैमानिक स्टॉलकडे, म्हणजे पंखांची उचल संपण्याकडे, जातो. भोवतालच्या हवेचा दाब घेणारे स्टॅटिक छिद्र बुजले तर अल्टिमीटर जागीच थिजतो आणि उतरताना वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, ही चूक धावपट्टीजवळ विशेष घातक ठरते. त्यावर पर्यायी स्टॅटिकची कळ ओढावी. त्यानंतर वेग आणि उंची किंचित जास्त दिसतात, हे लक्षात ठेवावे. माळव्यात पावसाळ्यात उभ्या विमानाच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करू शकते, म्हणून आच्छादन काढल्यावर वाकून नळीचे तोंड डोळ्यांनी पाहावे. त्यात फुंकर मात्र कधीच मारू नये, कारण त्याने उपकरणच निकामी होऊ शकते.

मला सर्वांत घातक वाटतो तो हळूहळू मरणारा जायरो, म्हणजे कृत्रिम क्षितिजातली वेगाने फिरणारी चकती. व्हॅक्यूम पंप बंद पडला की कृत्रिम क्षितिज लगेच कोसळत नाही. ते इतक्या सावकाश कलते की वैमानिक नकळत त्याच्यामागे विमान कलवत जातो. 1 जानेवारी 1978 रोजी मुंबईहून निघालेल्या एअर इंडियाच्या 855 क्रमांकाच्या उड्डाणात कप्तानासमोरचे क्षितिजदर्शक बिघडले आणि रात्रीच्या अंधारात बोइंग 747 समुद्रात कोसळून 213 जण गेले. म्हणून एका उपकरणाचे म्हणणे इतर दोघांशी ताडून पाहावे आणि खोटे ठरलेल्यावर ताबडतोब कागद चिकटवावा, कारण दिसत राहिलेले क्षितिज डोळ्यांना ओढतेच. त्यानंतर टर्न कोऑर्डिनेटर, अल्टिमीटर आणि चुंबकीय होकायंत्र यांवर उडावे. प्रमाणित वळणात विमान सेकंदाला 3 अंश फिरते, म्हणजे 90 अंशांसाठी 30 सेकंद. ढगांबाहेर असाल तर यशवंतसागर तलावाचे पाणी आणि महूकडची लोहमार्गाची रेघ यांचा आधार घ्यावा.

वीज तयार करणारा अल्टरनेटर गेल्याचा लाल दिवा लागला, तरी ठिणगीसाठी स्वतःची वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोमुळे इंजिन चालू राहते. विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे अल्टरनेटर एकदाच पुन्हा चालू करून पाहावा. उडालेला सर्किट ब्रेकर वारंवार दाबल्यास आगीचा धोका असतो. तेवढ्याने जमले नाही, तर बॅटरीत जीव आहे तोवर टॉवरला आपली स्थिती आणि इरादा सांगून टाकावा, आणि मगच अनावश्यक उपकरणे बंद करावीत. बॅटरी अर्धा तास पुरेल असे गृहीत धरू नये. फ्लॅप (कमी वेगात उतरण्यासाठी पंखांमागे उघडणाऱ्या झडपा) विजेवर चालतात, त्यामुळे ते न उघडताच उतरण्याची आणि जास्त धावपट्टी लागण्याची तयारी ठेवावी.

रेडिओ मुका झाला तर आधी हेडसेटचा जॅक, आवाजाची कळ आणि दुसरा रेडिओ तपासावा, मग रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर रेडिओ बंद पडल्याचा संकेतांक 7600 लावावा. टॉवरचा स्थिर हिरवा दिवा उतरण्याची परवानगी देतो, स्थिर लाल घिरट्या घालत थांबायला सांगतो आणि लुकलुकणारा लाल येथे उतरू नका असे बजावतो. दिवसा पंख हलवून पोच द्यावी.

उतरल्यावर बिघाड टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, लिहावा: कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाला, ढगात की उघड्यावर, आणि त्या वेळी इतर कोणते काटे काय दाखवत होते. अभियंत्याला "एएसआय खराब" (एएसआय म्हणजे वेगदर्शक) एवढ्या दोन शब्दांवरून सामाईक दोष सापडत नाही.